पिठाची विरी

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करत असल्यामुळे ज्वारी महिन्यातून एकदाच दळून आणतो. पहिले आठ दिवस भाकरी छान थापली जाते, पुढे मात्र तिच्या कडा चिरतात आणि तव्यावर टाकताना ती मोडते. सासूबाई म्हणतात, पिठाची विरी गेली. उरलेल्या पिठाचे काय करावे?
– एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : सासूबाईंचे निदान अचूक आहे. ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नसते, त्यामुळे तिच्या पिठाला धरून ठेवण्याचे काम मुख्यतः त्यातील स्टार्च करतो, आणि पीठ शिळे झाले की हा चिकटपणा, म्हणजेच विरी, कमी होत जातो. तरीही पीठ टाकून देऊ नये. एक वाटी पाणी चिमूटभर मीठ घालून खळखळून उकळावे, त्यात वाटीभर पीठ घालून ढवळावे आणि गॅस बंद करून पाच मिनिटे झाकण ठेवावे. उकळत्या पाण्याने स्टार्च फुगतो व चिकट होतो. उकड हाताला सोसेल इतकी गरम असतानाच तळहाताच्या टाचेने, कडा चिरेनाशा होईपर्यंत मळावी. (हे जोराचे काम यजमानांनी करण्यास काहीच हरकत नाही.) भाकरी तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवावा आणि ते पाणी पूर्ण सुकण्याआधीच ती उलटावी, उशीर झाल्यास तिथेही भेगा पडतात. यापुढे ज्वारी महिन्याची आणावी, पण दळण मात्र आठवड्यापुरतेच टाकावे.