बंब ‘घे’ म्हणून दिला की ‘ठेव’ म्हणून?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वाईचे घर विकले गेले, सासूबाई तुमच्याकडे ठाण्याला राहायला आल्या आणि त्यांच्याबरोबर सासऱ्यांच्या वडिलांपासून घरात असलेला, अंघोळीचे पाणी तापवायचा तांब्याचा बंबही आला. ‘हा थोरल्या सुनेकडेच जायचा’ असे म्हणून त्यांनी तो तुमच्या हवाली केला. गेले आठ महिने तो बाल्कनीत कपड्यांच्या दांडीखाली उभा आहे. नणंद आली की ‘वहिनी, घासत नाहीस का गं?’ म्हणून विचारते, अमेरिकेतले दीर ‘काढू नका, मी कधीतरी नेईन’ म्हणतात, यजमान या विषयावर तोंडच उघडत नाहीत, आणि तुम्हाला तो मोडीत देऊन मोकळे व्हायचे आहे, पण घरात वितुष्ट नको आहे. माझ्या लग्नाला चौतीस वर्षे झाली आणि अशाच एका भांड्यावरून मी माझ्या नणंदेला दुखावले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सर्वांत आधी एक गोष्ट आठवून पाहा. बंब तुमच्या स्वाधीन करताना सासूबाई ‘घे’ म्हणाल्या होत्या की ‘ठेव’? हा शब्दांचा कीस नाही. ‘घे’ म्हणून दिलेली वस्तू तुमची झाली; ‘ठेव’ म्हणून दिलेली वस्तू तुमच्याकडे सांभाळायला आहे, आणि सांभाळायला दिलेली वस्तू परस्पर विकणे कोणत्याच घरात खपत नाही. कायदाही साधारण याच वाटेने जातो. जंगम वस्तूचे बक्षीस मालकाने ती देण्याच्या इराद्याने हाती सोपवली की पुरे होते, त्याला नोंदणी लागतेच असे नाही. मात्र देणाऱ्याची ती वस्तू असायला हवी. बंब सासऱ्यांच्या मालकीचा होता आणि त्यांनी मृत्युपत्र केले नव्हते असे धरले, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्यावर त्यांच्या पत्नीचा, मुलग्यांचा आणि मुलींचा सारखा हक्क आहे. त्या यादीत तुमचे यजमान आहेत, दीर आहेत, नणंदही आहे, तुम्ही नाही. बंबासाठी कोणी कोर्टात जाणार नाही, हे मलाही कळते. तरीही हे सांगते, कारण ‘माझ्या घरात आहे म्हणजे माझा आहे’ असे आपण सुना सहज धरून चालतो आणि तिथेच पहिली चूक होते. माझीही झाली.

१९९६ साली आम्ही पुण्यातल्या वाड्यातून फ्लॅटमध्ये आलो. न्हाणीघर गेले, चूल गेली, आणि यजमानांच्या आजीचे मोठे पितळी घंगाळ बाथरूमच्या दारात आडवे येऊ लागले. सासूबाई तेव्हा हयात नव्हत्या. मी ते उचलून भांड्यांच्या दुकानात नेले. दुकानदाराने वजन करायला घंगाळ उलटे धरले, तेव्हा काठाखाली टिंबाटिंबांनी कोरलेले नाव दिसले: आजीचे माहेरचे आडनाव, पुढे ‘यांजकडून’, आणि शेवटची टिंबे घासून घासून बुजलेली. मी ते वाचले आणि तरीही दिले. घट धरून जी रक्कम झाली, तिचे स्टीलचे सहा डबे आले.

त्या वर्षी भाऊबीजेला नणंद आली. मुलाला अंघोळ घालायला म्हणून आत गेली आणि बाहेर येऊन विचारू लागली, “आजीचं घंगाळ कुठंय?” मी सांगितले. ती काहीच बोलली नाही. पुढची चार वर्षे ती भाऊबीजेला यायची, ओवाळायची आणि पान मांडायच्या आत निघून जायची. यजमानांना वाटे, तिला घाई असते. शेवटी पाचव्या वर्षी मी तिला बाजूला घेऊन म्हटले की माझे चुकले, नाव वाचूनही मी ते दिले. तेव्हा ती म्हणाली, “मी नेलं असतं गं. माझ्याकडे न्हाणीघर होतं.” त्या वर्षी ती जेवून गेली. घंगाळ मात्र केव्हाच वितळले होते.

म्हणून तुम्ही मोडीचा विचार सध्या बाजूला ठेवा आणि एखाद्या निवांत दुपारी सासूबाईंबरोबर तो बंब घासायला बसा. चिंच, मीठ आणि थोडी रांगोळी घ्या, किंवा पितांबरी घ्या. हिरवट थर निघेपर्यंत तासभर तरी जाईल आणि तो तास बोलण्यासाठीच आहे. बंब कोणी आणला, पहाटे कोण पेटवायचे, अंघोळींचा क्रम कसा असायचा, हे विचारा. ‘याचे आता काय करायचे?’ हा प्रश्न त्या दिवशी विचारू नका. नवऱ्यामागे घर विकून मुलाच्या फ्लॅटमध्ये आलेल्या बाईच्या कानी तो ‘माझे आता काय करायचे?’ असा पडू शकतो. तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटली. त्यांचे अंगण, तुळस, शेजार सगळे मागे राहिले आहे आणि त्या घरातला एवढा एक बंब बाल्कनीत उरला आहे.

घासताना काठाखाली, तोटीच्या वर, बुडाशी नाव कोरलेले आहे का ते पाहा. सापडले तर पातळ कागद त्यावर धरून पेन्सिल आडवी फिरवा. टिंबे कागदावर उमटतात. तो कागद बंब राहिला तरी ठेवा, गेला तरी ठेवा.

त्यानंतर यजमानांनी बोलले पाहिजे. आई त्यांची आहे, बहीणभाऊही त्यांचेच आहेत. तोच निर्णय तुमच्या तोंडून गेला तर ‘सुनेने काढला’ असे होईल, त्यांच्या तोंडून गेला तर ‘आमचे ठरले’ असे होईल. पहिल्यांदा आईशी, मग बहिणीला फोन, मग भावाला. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून ‘कोणाला हवा आहे?’ असे विचारायची घाई करू नये. सासूबाईंना ते तिथे वाचावे लागले, तर पुढचे सगळे बिघडेल. दिरांना मात्र मुदत सांगावी. ‘कधीतरी नेईन’ म्हणणाऱ्याची वस्तू दुसऱ्याच्या बाल्कनीत वर्षानुवर्षे राहणे न्याय्य नाही. त्यांना हेही कळवा की शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा बंबाचे वय आधी ठरवून घ्यावे लागेल.

कोणीच घेत नसेल आणि सासूबाईंचीही तयारी झाली, तर तो वापरणाऱ्याच्या हाती जावा असे मला मनापासून वाटते. गावाकडे अजून बंब पेटतात, कृषी पर्यटनाच्या ठिकाणीही पाहुण्यांच्या अंघोळीचे पाणी त्यावर तापवतात. गळत असेल तर पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत दुरुस्तीचे विचारता येईल. हातोडीने तांबे ठोकून घडवायचे मठारकाम करणारी माणसे तिथे आजही आहेत. बंबात माती भरून झाड लावण्याची सूचना तुम्हाला हमखास मिळेल. सासूबाईंनी स्वतः सुचवल्याखेरीज ती मानू नका. ज्या नळीत त्यांनी वर्षानुवर्षे विस्तव घातला, तिच्याभोवती मनीप्लांट वाढताना त्यांना रोज पाहावा लागेल. मोड हा अगदी शेवटचा मार्ग, आणि तसे झालेच तर आलेली सगळी रक्कम त्यांच्या हातात द्या.

माझा अंदाज असा आहे की तुमच्या नणंदेला तो हवा आहे. ‘घासत नाहीस का?’ हे बहुधा टोमणा म्हणून येत नसावे. मागायला संकोच वाटतो, म्हणून ती असे विचारत असेल. तसे निघाले, तर बंब टेम्पोत टाकून पाठवू नका. तिला बोलवा, जेवू घाला, खणानारळाने ओटी भरा आणि सासूबाईंच्या हातून तो तिला द्या. आणखी एक. बंबात आधी पाणी भरायचे आणि मगच विस्तव घालायचा, नाहीतर सांध्यांचे जोड सुटतात आणि बंब गळू लागतो. हे तुम्ही सांगू नका. सासूबाईंना सांगू द्या.