आठ जीबी रॅमवर एफएसएल बसवताना

एफएसएल म्हणजे मेंदूच्या स्कॅनचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर; त्यासाठी नवा लॅपटॉप घेऊ नका. मेंदूच्या एमआरआयचं विश्लेषण शिकायला आठ जीबी रॅम पुरते. विंडोज असेल तर आधी डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) आणि त्यात उबुंटू हे लिनक्स बसवा, मग एफएसएलची अधिकृत इन्स्टॉलर स्क्रिप्ट चालवा. डाउनलोड काही जीबींचं आहे, चांगलं वायफाय हवं.

बहुतेकजण अडकतात ते पुढे. स्कॅन सी ड्राइव्हवर ठेवून उबुंटूतून वाचले, की सगळं कमालीचं संथ होतं. डेटा उबुंटूच्या होम फोल्डरमध्येच ठेवा. शिवाय डब्ल्यूएसएल स्वतःहून साधारण निम्मीच रॅम घेतं; त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये मर्यादा सहा जीबी करा, स्वॅपही (रॅम कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) वाढवा, आणि काम चालू असताना ब्राउझर बंद ठेवा. एवढ्यानेच खूप फरक पडतो.

फ्रीसर्फर ७ हे मेंदूच्या स्कॅनचंच दुसरं सॉफ्टवेअर; त्याची रिकॉन-ऑल ही स्कॅनवरची सगळी प्रक्रिया एका दमात करणारी कमांड मात्र सवडीनं चालवा. एका स्कॅनला कित्येक तास लागतात, म्हणून रात्री चार्जर जोडून, स्लीप बंद करून लावा. एका वेळी एकच. लायसन्स फाइल मोफत मिळते, ती आधी मागवून ठेवा.

सरावाला ओपनन्यूरो या मेंदूच्या स्कॅनच्या खुल्या संग्रहावरची एकाच व्यक्तीची टी१ प्रतिमा (मेंदूची रचना दाखवणारा एमआरआय) घ्या. एफएसएलमधल्या बेट या साधनाने प्रतिमेतून कवटी काढली, की निकाल एफएसएलआइज या त्याच्याच प्रतिमा-दर्शकात मूळ स्कॅनवर ठेवून नीट बघा. ही तपासणी कृपा करून टाळू नका. मेंदूची कड कापली गेली असेल तर बेटचा उंबरठा (थ्रेशोल्ड) ०.५ वरून ०.३ वर आणा. स्कॅनमध्ये मान बरीच आली असेल, तर आधी एफएसएलचीच रोबस्टएफओव्ही ही मानेचा भाग कापणारी कमांड चालवा.