वाचकांचे प्रश्न : ब्राउझरमधील वाढीव संरक्षण सुरू करावे का?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून बँकेचे व्यवहार आणि वीजबिलाचा भरणा घरच्या संगणकावर क्रोममधूनच करते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘एन्हान्स्ड प्रोटेक्शन’ असा पर्याय आहे. मात्र तो निवडल्यास मी पाहिलेल्या पानांची माहिती गूगलकडे जाईल, असेही तेथे लिहिले आहे. मुलगा म्हणतो सुरू कर, भाचा म्हणतो मुळीच नको. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : भाच्याची शंका निराधार नाही, परंतु आपला वापर पाहता मुलाचे ऐकावे, असे आमचे मत आहे.

आपण काहीही बदलले नसेल, तर क्रोममध्ये ‘स्टँडर्ड प्रोटेक्शन’ आधीपासून सुरू असते. पूर्वी यात घातक संकेतस्थळांची यादी संगणकावरच साठवलेली असे आणि ती अर्ध्या ते एका तासाने ताजी होई. गूगलच्याच म्हणण्यानुसार फसवे संकेतस्थळ सरासरी दहा मिनिटेही टिकत नाही. म्हणजे यादी येईपर्यंत चोर पसार झालेला असे. त्यामुळे मार्च 2024 पासून स्टँडर्डमध्येही तपासणी त्याच क्षणी होऊ लागली. मात्र त्यासाठी पानाचा पूर्ण पत्ता पाठवला जात नाही. त्या पत्त्याचे सांकेतिक रूप तयार करून त्याचा एक तुकडाच पाठवला जातो, आणि तोही दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्गे, जेणेकरून विचारणा कोणत्या संगणकावरून झाली हे गूगलला कळू नये.

वाढीव संरक्षणाचा उपयोग यापुढे सुरू होतो. जे संकेतस्थळ अजून कोणत्याही यादीत आलेले नाही, त्याचा पत्ता आणि पानावरील मजकुराचा छोटा नमुना तपासून ते फसवे आहे का, याचा अंदाज बांधला जातो. डाउनलोड केलेली फाइल संशयास्पद वाटल्यास ती अधिक खोलवर तपासण्याची सोय मिळते आणि बेभरवशाचे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायची छोटी पूरक सोय) बसवताना इशारा दिला जातो. ‘आपल्या संगणकात व्हायरस शिरला आहे, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा’ असा पडदाभर आरडाओरडा करणारी पाने ओळखण्यासाठी 2025 पासून संगणकावरच चालणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेची मदतही या पर्यायात घेतली जाते. ज्येष्ठांना गाठणारा सापळा बहुधा हाच असतो, आणि आमच्या मताला मुख्य आधारही हाच आहे.

याची किंमत म्हणजे काही पानांचे पूर्ण पत्ते, मजकुराचे नमुने, तसेच एक्स्टेन्शन आणि संगणकाविषयीची काही माहिती गूगलकडे जाते. आपण गूगल खात्यात लॉगइन असाल, तर ती तात्पुरती खात्याशी जोडलीही जाते. वीजबिल भरणाऱ्या व्यक्तीने एवढे स्वीकारण्यास हरकत नसावी. अशिलांची कागदपत्रे हाताळणाऱ्या वकिलाला किंवा आपला स्रोत गुप्त ठेवणाऱ्या पत्रकाराला मात्र आम्ही स्टँडर्डवरच राहून ‘ऑलवेज यूज सिक्युअर कनेक्शन्स’ (असुरक्षित जोडणीचे संकेतस्थळ उघडण्याआधी इशारा देणारा) हा पर्याय सुरू करण्यास सांगू.

पर्याय सुरू करण्यासाठी उजव्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांवरून सेटिंग्ज उघडावे, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये ‘सिक्युरिटी’वर जावे आणि तेथे ‘एन्हान्स्ड प्रोटेक्शन’ निवडावे. फोनवरील क्रोममध्येही हा पर्याय आहे. तो तेथेही सुरू झाला आहे ना, हे पाहून घ्यावे.

एवढे करूनही ब्राउझरच्या आवाक्याबाहेरच्या गोष्टी उरतातच. फोनवर सांगितलेला ओटीपी किंवा ‘आरटीओ चलन’ म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली एपीके (फोनवर ॲप बसवणारी) फाइल क्रोम अडवू शकत नाही. बँकेचे पान उघडल्यावर पत्ता स्वतः वाचावा. रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणाऱ्या पत्त्यावर जाण्यास सांगितले होते, त्यामुळे पडताळणी आता सोपी झाली आहे. पैसे गेलेच, तर 1930 या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी.

प्रश्न : मी फायरफॉक्स वापरतो. त्यातील ‘स्ट्रिक्ट’ हा पर्याय म्हणजे हेच संरक्षण का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही. ‘स्ट्रिक्ट’चा रोख आपल्या मागावर राहणाऱ्या जाहिरात कंपन्यांवर असतो, फसव्या संकेतस्थळांवर नव्हे. त्यांच्यासाठी फायरफॉक्समध्ये वेगळी सोय आहे. ती सुरुवातीपासूनच चालू असते आणि गूगलचीच यादी वापरते, म्हणून ती बंद केलेली नाही ना, एवढे सेटिंग्जमध्ये पाहावे. ‘स्ट्रिक्ट’ जरूर वापरावे. त्यामुळे एखादे संकेतस्थळ नीट चालेनासे झाले, तर पत्त्याशेजारच्या ढालीच्या चिन्हावरून तेवढ्या संकेतस्थळापुरते ते बंद करता येते.