अरुंद रस्त्यासाठी मॅना अ‍ॅश

प्रश्न : आम्ही दक्षिण जर्मनीत राहतो. घरासमोरचा अरुंद रस्ता आणि कोपऱ्यावरची छोटी बाग यांसाठी कोणती झाडे लावावीत, याविषयी नगरपालिकेने रहिवाशांच्या सूचना मागवल्या आहेत. अ‍ॅशची एखादी लहान जात चालेल का? अ‍ॅशवरच्या रोगाची मात्र धास्ती वाटते.

उत्तर : मॅना अ‍ॅश, म्हणजेच फ्रॅक्सिनस ऑर्नस, ही जात अवश्य सुचवा. दक्षिण युरोपातले हे झाड साधारणतः ८ ते १५ मीटर उंच होते, ऊन व चुनखडीची जमीन सोसते आणि मे महिन्यात पांढऱ्या, सुवासिक फुलांच्या घोसांनी भरून जाते. आपला पारिजातक याच्याच कुळातला. १९९२ साली पोलंडमध्ये प्रथम लक्षात आलेल्या बुरशीजन्य शेंडेमर रोगाने युरोपातील साध्या अ‍ॅशची अतोनात हानी केली आहे. मॅना अ‍ॅशला मात्र त्याची झळ फारच कमी लागते.

बागेत मूळ जातीलाच मोकळेपणी वाढू द्यावे. रस्त्यासाठी ‘मेचेक’ हा गोल, आटोपशीर घेराचा वाण घ्यावा. परंतु तो उंच खोडावर कलम करून तयार करतात आणि झाड कितीही वाढले तरी कलमाचा सांधा होता त्याच उंचीवर राहतो, हे विसरू नये. सांधा खाली असेल, तर पुढे फांद्या वाहनांना घासतात, मग दरवर्षी छाटणी होते आणि ज्या गोल आकारासाठी हे झाड निवडले, तोच बिघडतो. त्यामुळे रोपवाटिकेत आधी सांध्याची उंची पाहावी, घेर नंतर.

कलमाचा खुंट, म्हणजे ज्या मुळासकटच्या रोपावर कलम बांधतात तो भाग, बहुधा साध्या अ‍ॅशचा असतो, म्हणून तो कोणत्या जातीचा आहे हेही विचारून घ्यावे. मॅना अ‍ॅशचे खोड गुळगुळीत व राखाडी, तर साध्या अ‍ॅशची साल वयानुसार खडबडीत, भेगाळलेली होते. त्यामुळे थोराड झाडावर सांधा लांबूनही दिसतो. कळ्यांवरून ओळख अधिक सोपी: मॅना अ‍ॅशच्या करड्या, साध्या अ‍ॅशच्या काळ्याभोर. बुंध्याशी काळ्या कळ्यांचे धुमारे फुटले, तर ते खुंटाचे समजून वेळीच बुडापासून काढावेत.

संपूर्ण रस्ता याच एका जातीने भरू नये. मधून मधून वेगळ्या कुळातली झाडे लावण्याचा आग्रह नगरपालिकेकडे आवर्जून धरावा. लागवड पानगळीनंतर करावी आणि पहिले दोन-तीन उन्हाळे मुळांशी भरपूर पाणी द्यावे.