ईआरपीसाठी १ एप्रिलची तारीख सोडा, आधी स्टोअर मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीत वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, उलाढाल साठ कोटींच्या आसपास, हिशेब टॅलीत, स्टोअर आणि प्लॅनिंग एक्सेलमध्ये. आता डिसेंबर चालू आहे आणि ईआरपीचा (खरेदी, स्टॉक, उत्पादन आणि हिशेब एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) विक्रेता १ एप्रिलला गो-लाइव्ह, म्हणजे प्रत्यक्ष वापर सुरू, करून देतो म्हणतोय. पहिले तीन महिने जुने आणि नवे दोन्ही चालवायचा विचार आहे. माझं स्पष्ट मत: ईआरपी घ्या, पण ती तारीख आणि दोन्ही चालवणं, दोन्ही सोडा.

१ एप्रिल ही तारीख अकाउंट्सच्या सोयीची आहे. मार्चमध्ये डिस्पॅच सर्वात जास्त, अकाउंट्स वर्षअखेरीत बुडालेलं आणि स्टोअरकीपर ऑडिटच्या मोजणीत. म्हणजे ज्यांनी नवी सिस्टीम तपासायची तेच लोक मोकळे नसतात. शिवाय ३१ मार्चची शिल्लक १ एप्रिलला पक्की होत नाही, ऑडिटच्या नोंदी पुढे कित्येक आठवडे येत राहतात. अमेरिकेतल्या हर्शी कंपनीने १९९९ मध्ये एप्रिलची तारीख हुकल्यावर जुलैत, हॅलोविनच्या हंगामाच्या तोंडावर, नवी सिस्टीम एकदम सुरू केली. माल तयार असूनही सुमारे दहा कोटी डॉलरच्या ऑर्डरी पोचवता आल्या नाहीत. हंगामाच्या तोंडावर सिस्टीम बदलू नये, एवढं त्यातून घ्या.

तुम्ही १ जुलै धरा. महिन्याची पहिली तारीख हवीच, कारण एका महिन्याचा जीएसटीआर-१ आणि ३बी (जीएसटीची रिटर्न) एकाच सिस्टीममधून निघायला हवा. एप्रिल ते जूनच्या नोंदी बिलवार आणत बसू नका. दर महिन्याच्या ट्रायल बॅलन्सची (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) एक जर्नल नोंद टाकली की वर्षाचा नफा-तोटा पूर्ण दिसतो. जुलै हुकला तर ऑगस्ट चालेल, पण सणांआधीच्या शेड्यूलमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरला हात घालू नका.

हातातल्या सहा महिन्यांतला निम्मा वेळ आयटम मास्टर (प्रत्येक वस्तूची मूळ माहिती) आणि बॉमला (एका पार्टला कोणता माल किती लागतो ती यादी) द्या. प्रकल्प इथेच बुडतात आणि विक्रेत्याच्या प्लॅनमध्ये यासाठी जेमतेम दोन आठवडे असतात. एकच उदाहरण बघा. २० मिमीचा एमएस (माइल्ड स्टील) राउंड बार. व्यासाचा वर्ग भागिले १६२ या हिशेबाने मीटरला २.४७ किलो, सहा मीटरच्या बारला १४.८ किलो. खरेदी किलोत, इश्यू नगात. मास्टरमध्ये १४.८ कायमचं टाकलं की सिस्टीम टनाला ६७ बार धरते. प्रत्यक्षात बारची लांबी आणि जाडी टॉलरन्समध्ये वरखाली असते. ट्रकमधून ६६ उतरले तर स्टोअरवाला सिस्टीम अडू नये म्हणून ६७ लिहून मोकळा होतो, आणि त्या दिवसापासून स्टॉक खोटा. म्हणून मूळ एकक किलोच ठेवा, जीआरएनला (माल आत आल्याची नोंद) काट्यावरचं वजन आणि मोजलेले नग दोन्ही घ्या, रूपांतर लॉटनुसार होऊ द्या.

बॉमचंही तेच. पार्टची लांबी ९५ मिमी म्हणून बॉममध्ये ९५ लिहिली की एका बारमधून ६३ नग दिसतात. करवतीचा काप ३ मिमी धरला तर ६१, आणि पकडीत उरणारा तुकडा (एंड-पीस) धरला तर ६०. बारमागे तीन नगांची ही तफावत महिनाअखेरीला 'मटेरियल गायब' म्हणून उभी राहते आणि दोष सॉफ्टवेअरवर जातो. सगळे बॉम तपासायला वेळ मिळणार नाही. खपाच्या किमतीत वरचे जे पार्ट ऐंशी टक्के भरतात, त्यांचे बॉम प्लॅनिंगच्या माणसाने मशीनशेजारी उभं राहून तपासावेत. ड्रॉइंगवरून तपासले तर काप आणि एंड-पीस पुन्हा सुटतील.

दुसरी मोठी गळती जॉबवर्कची, म्हणजे बाहेरून करून घेतलेल्या कामाची. प्लेटिंगला, हीट ट्रीटमेंटला गेलेला माल तुमच्याच स्टॉकमध्ये मोडतो. प्रत्येक जॉबवर्करचं वेगळं लोकेशन करा आणि ओपनिंग स्टॉक चलनवार भरा, त्यात मूळ चलनाची तारीखही टाका. पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत आला नाही तर पाठवल्या दिवशीच पुरवठा झाला असं जीएसटी धरतो. पाच कोटींवर उलाढाल असल्याने आयटीसी-०४ (जॉबवर्कला गेलेल्या मालाचा जीएसटी फॉर्म) तुम्हाला सहामाही आहे. एकरकमी शिल्लक टाकलीत तर तो फॉर्म पुन्हा एक्सेलमधूनच काढावा लागेल.

येणी-देणीही बिलवार आणा. सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांचे पैसे करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. बिलाची मूळ तारीख आणि पुरवठादाराची उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) मास्टरमध्ये नसेल तर हे बघणार कसं? पीओ (खरेदीच्या ऑर्डरी) आणताना फक्त उरलेली क्वांटिटी आणा. जीआरएन झाला पण बिल आलं नाही अशांची यादी वेगळी करा, नाहीतर तीच खरेदी दोनदा चढते.

तीन महिने दोन्ही सिस्टीम चालवणं कागदावर सुरक्षित वाटतं. प्रत्यक्षात एकच माणूस दोनदा एंट्री करतो, दुसऱ्या आठवड्यात एक बाजू मागे पडते, आणि फरक आला की चूक कुठली हे कुणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी मे आणि जूनमध्ये पूर्ण कटओव्हरची (जुन्यातून नव्या सिस्टीमवर जाण्याची) रंगीत तालीम करा, निदान दोनदा. मास्टर, स्टॉक, येणी-देणी चढवा, कोणत्या पायरीला किती तास लागले ते लिहा आणि ट्रायल बॅलन्स टॅलीशी जुळवा. मग जीआरएन ते ई-इन्व्हॉइस असा एकेक खरा व्यवहार सँडबॉक्समध्ये (चाचणीसाठीच्या वेगळ्या सिस्टीममध्ये) पार करा. पिनकोड आणि राज्य जुळत नाही, एचएसएन (मालाचा जीएसटी कोड) सहा अंकी नाही, या चुका तिथेच सापडतात. गेटवर ट्रक उभा असताना त्या सापडू नयेत. बिलांना नवा प्रीफिक्स द्या. नंबर १६ अक्षरांत बसवा आणि जुना नंबर त्याच वर्षात पुन्हा वापरू नका. चुकलेला आयआरएन (ई-इन्व्हॉइसचा नोंदणी क्रमांक) २४ तासांतच रद्द होतो, त्यानंतर क्रेडिट नोट काढावी लागते. त्यामुळे पहिला आठवडा डिस्पॅचला अकाउंट्सचा एक माणूस बसवाच.

गो-लाइव्ह करायचं की नाही हे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात प्लांट हेडने ठरवावं. ए-क्लास (किमतीने सर्वात वरच्या) आयटमची मोजणी ९८ टक्के जुळत नसेल तर महिनाभर पुढे ढकला. निगेटिव्ह स्टॉक (शिल्लक नसतानाही माल काढू देणारी सोय) पहिल्या दिवसापासून बंद ठेवा. 'तात्पुरता' चालू केला की तो कायमचा होतो. टॅली बंद करा, पण एका मशीनवर बघण्यापुरती ठेवा, कंपनीला हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं जपायची असतात. नव्या सिस्टीममध्ये एडिट लॉग (कुठली नोंद कधी बदलली याचा हिशेब) बंद करता येत नाही याची विक्रेत्याकडून लेखी खात्री घ्या. कंपन्यांना ते १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे.

स्टोअर, खरेदी, प्लॅनिंग, डिस्पॅच, क्वालिटी, अकाउंट्स, प्रत्येकाकडून एक माणूस रोज अर्धा दिवस लागेल. खात्याचा सर्वात चांगला माणूसच द्या, त्याच्या जागी तात्पुरती माणसं घ्यावी लागली तरी चालेल. आणि करारावर सही करण्याआधी पेमेंटचे टप्पे बदलून घ्या. 'इन्स्टॉलेशन पूर्ण' या टप्प्याला मोठा हप्ता देऊ नका. निदान वीस टक्के रक्कम सलग दोन महिनाअखेरी नव्या सिस्टीममधून बंद होऊन दोन्ही महिन्यांची जीएसटी रिटर्न तिथूनच भरली गेल्यावर द्या.