फ्रेंचमध्ये बीए करू का? पप्पा नको म्हणतात

प्रश्न : ताई नमस्कार, मी सोलापूरची, पूर्व भागात राहते, बारावी आर्ट्सला आहे. घरी तेलुगू, शाळेत मराठी, शेजारी कन्नड, त्यामुळं हिला भाषा पटकन येतात असं सगळे म्हणतात. मला फ्रेंच भाषा आणि साहित्यात बीए करायचंय पण फ्रेंच अजून अजिबात येत नाही. पप्पा म्हणतात, फ्रेंच शिकून काय पॅरिसला चादरी विकणार का? कुठं जाऊ, झेपेल का, नोकरीचं काय?

उत्तर : पप्पांना सांग, सोलापूरचे टॉवेल परदेशात जातातच, तिथं चार ओळी फ्रेंच येणारं माणूस कुणालाही चालेल! आता खरं सांगते. फ्रेंच येत नाही याचं टेन्शन घेऊ नकोस, हैदराबादची इफ्लू (इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ) आणि दिल्लीची जेएनयू, दोन्हीकडं बीए ऑनर्स फ्रेंच आहे आणि मुलं तिथं अगदी पहिल्यापासून शिकतात. जेएनयूला सीयुईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मी तुझ्या जागी असते तर हैदराबाद बघितलं असतं, सोलापूरहून गाडी सरळ आहे आणि तेलुगू तर तुझ्या घरचीच. पुण्यात विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे, सर्टिफिकेट, डिप्लोमा होतो. फक्त सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून रोज अप-डाऊन करायचा प्लॅन असेल तर तो सोड, महिन्याभरात आजारी पडशील.

झेपायचं म्हणशील तर एक गोष्ट आधीच माहीत असू दे. सुरुवातीला साहित्य फारसं नसतं, क्रियापदांची रूपं, लिंग आणि शेवटची न उच्चारायची अक्षरं यातच दिवस जातात. मग एकदाची मोपासाँ या फ्रेंच कथाकाराची गोष्ट हातात येते आणि पहिल्याच पानावर असला भूतकाळ भेटतो जो बोलण्यात कुणी वापरतच नाही, 'फ्यू', 'फी' असले दोन-तीन अक्षरी शब्द, डिक्शनरीत बघावं तर सापडत नाहीत कारण ती मूळ क्रियापदाची रूपं असतात, आणि वर्गातली निम्मी मुलं इथंच वैतागतात. काम्यूची १९४२ ची 'लेत्राँजे' ही कादंबरी मात्र बोलण्यातल्या भूतकाळात लिहिलीय, त्यामुळं नवख्याला ती बरी पडते. फ्रेंच नाटककार मोलिएरपासून तर तू फार लांब नाहीसच, अत्र्यांचं 'कवडीचुंबक' त्याच्याच कंजुषाच्या नाटकावरून आलंय, ते आधी वाच, मग मूळ वाचायला मजा येईल.

नोकरी आहे, पण साहित्याच्या जिवावर नाही. पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांत फ्रेंच कस्टमरचे मेल, इनव्हॉइस बघायला माणसं घेतात, शाळांत शिकवता येतं, भाषांतर असतं. तिथं डिग्रीबरोबर डेल्फची, म्हणजे फ्रेंचच्या परीक्षेची, लेव्हल विचारतात. ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा चढत्या लेव्हल असतात, बी-२ पर्यंत गेलीस तर बोलायला जागा राहते. परीक्षा १०० मार्कांची, ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं प्रत्येकी २५, पास व्हायला ५० पण कुठल्याही भागात ५ च्या खाली गेलं की नापास. सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं.

पप्पांशी भांडण्याआधी घरी बसून ए-१ चं पुस्तक संपव, आणि रोज आरएफआय या फ्रेंच रेडिओच्या सोप्या फ्रेंचमधल्या बातम्या ऐक, दहा मिनिटांच्या असतात आणि फुकट. बोर्डाची परीक्षा झाल्यावरही ऐकावंसं वाटलं तर फॉर्म भर, कंटाळा आला तर पप्पांचे पैसे वाचले.

प्रश्न : मुलाला अकरावीला पुण्याला ठेवतोय. मराठीऐवजी फ्रेंच घेतलं तर मार्क जास्त पडतात म्हणे, देऊ का? – एक पालक, सोलापूर

उत्तर : मार्कांसाठी द्यायचं असेल तर द्या, बरेच जण तेच करतात. पण बारावीनंतर त्याला फ्रेंच येतं असं पाहुण्यांना सांगू नका, पाहुणे बोलून दाखव म्हणतात.