उठताना एक ओळ लिहून ठेव

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दिवसभर जागेवरून हलणं होत नाही, जेवणही घाईत उरकतं, आणि तरी संध्याकाळी ‘आज काय झालं?’ याचं उत्तर सापडत नाही, असं तू लिहिलं आहेस. त्यापुढचं वाक्य मला जास्त लागलं: ‘माझ्यात एकाग्रताच नाही.’ हे वाक्य आधी खोडून टाक. आवडीचं काही हाती घेतलं की तीन-तीन तास कुठे जातात ते कळत नाही, हे तूच मागे सांगितलं होतंस. तेच मन घेऊन तू कामावर जातेस ना? मग मनाला दोष देण्याआधी ते नेमकं कुठे निसटतं ते बघू.

आठ दिवस टेबलावर एक कोरा कागद ठेव. हातातलं काम सुटलं की त्यावर खूण कर. दुसऱ्या कुणी हाक मारली म्हणून सुटलं तर फुली, आपणहून सोडलं तर टिंब. टिंबाशेजारी त्या क्षणी काय चाललं होतं तेही दोन शब्दांत लिही. टिंबं तुला वाटतं त्यापेक्षा बरीच जास्त निघतील. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ग्लोरिया मार्क अनेक वर्षं कामावरच्या माणसांचं लक्ष मोजत आल्या आहेत. २००४ च्या सुमारास माणूस एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं टिकत होता, अलीकडे तो आकडा ४७ सेकंदांवर आला. आणि कामात येणाऱ्या व्यत्ययांपैकी जवळपास निम्मे माणसाने स्वतःच ओढवून घेतलेले असतात, असंही त्यांना दिसलं.

मी ही नोंद केली तेव्हा माझी बहुतेक टिंबं एकाच जागी पडली होती, काम अवघड झालं तिथे. वाक्य जुळत नव्हतं, आकडा लागत नव्हता, कुणाला तरी नकोसं उत्तर लिहायचं होतं. नेमका तेव्हाच हात मेलकडे जायचा. मेल वाचणं हेही कामच, त्यामुळे आपण पळ काढलाय हे लक्षातही यायचं नाही. तुझ्याही बाबतीत हेच निघालं, तर हात वळताच थांब आणि काय अडलंय ते प्रश्न करून लिही. ‘अहवालाचा तिसरा भाग’ एवढंच समोर असेल तर मन त्यापासून लांब पळतं. ‘मागच्या वर्षीचा आकडा कुणाकडून घ्यायचा?’ असं लिहिलं की उठून तो आकडा विचारता येतो. अवघडपणा जात नाही, पण त्याला धरायला एक टोक मिळतं.

आता जे मला खरं सांगायचं आहे ते. काम सोडताना, मग ते दोन मिनिटांसाठी असो की रात्रीपुरतं, पुढचं पाऊल लिहिल्याशिवाय उठू नकोस.

हे मी फार महागात शिकलो. नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली असतील. एका मोठ्या निविदेचा दरतक्ता तपासत होतो. मध्येच फोन आला, दोन मिनिटांचाच. परत येऊन बसलो तो एक पान पुढे. सुटलेल्या पानावरची बेरीज चुकलेली होती, आणि ती तशीच पुढे गेली. निस्तरायला तीन आठवडे लागले, त्यात माझ्याबरोबरच्या दोघांच्या ठरलेल्या सुट्ट्या गेल्या. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, ते मला अजून टोचतं. बरीच वर्षं मी दोष त्या फोनला देत होतो. फोन तर यायचेच. परतायच्या जागेवर मी खूण ठेवली नव्हती.

सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी २००९ मध्ये याबद्दल लिहिलं. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याला बसलो की लक्षाचा काही भाग पहिल्यातच रेंगाळतो आणि दुसरंही धड होत नाही. पुढे २०१८ मध्ये थेरेसा ग्लॉम्ब यांच्याबरोबर त्यांनी एक साधा उपाय तपासला: उठण्यापूर्वी क्षणभर थांबून कुठवर आलो आणि परतल्यावर काय करायचं, हे लिहून ठेवायचं. ज्यांनी लिहिलं त्यांचं मध्ये आलेलं दुसरं काम जास्त चांगलं झालं. मनाला परतीची वाट दिसली की ते मागे रेंगाळत नाही, असं मी त्यातून समजतो.

ओळ मात्र नेमकी हवी. ‘तक्ता तपासणे’ असं लिहून काही होत नाही. ‘पान १४ झालं, १५ वर तिसऱ्या ओळीपासून सुरू, वाहतुकीचा दर दोन जागी वेगळा दिसतोय’ असं लिही. कुणी डोक्याशी येऊन उभं राहिलं तरी ‘एक ओळ लिहिते’ म्हणून दहा सेकंद मागून घ्यायला लाजू नकोस. आजवर मला त्याला कुणी नाही म्हटलेलं नाही.

फोनबद्दल तू पानभर लिहिलं आहेस, मी थोडंच लिहितो. टेक्सास विद्यापीठातल्या एड्रियन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत फोन दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांची कामगिरी तो टेबलावर ठेवणाऱ्यांपेक्षा सरस होती, आणि फोन आवाज बंद करूनच ठेवलेले होते. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत हा फरक दिसलेला नाही. तरी अवघड तासाला फोन नजरेआड ठेव, त्यात गमावण्यासारखं काही नाही. पंचवीस मिनिटांचा गजर लावायची पद्धतही तू विचारली आहेस. कामाला हात लावायला ती चांगली, पण तंद्री लागली असताना गजर वाजला तर तो खुशाल बंद कर.

राहिली माणसं. ‘वरिष्ठांना नाही कसं म्हणायचं?’ हा तुझा प्रश्न रास्त आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत शार्लटजवळ एक विमान उतरताना कोसळलं. चौकशीत दिसलं की उतरण्याच्या त्या नाजूक वेळी वैमानिक कामाशी संबंध नसलेल्या गप्पांत होते. अशा घटनांनंतर तिथे १९८१ मध्ये नियम आला: उड्डाण आणि उतरणं चालू असताना, तसंच १०,००० फुटांखाली, कामाव्यतिरिक्त बोलणं बंद. मला या नियमातली मर्यादा आवडते. वर पोचल्यावर बोलायला हरकत नाही. तुझ्या दिवसातलंही दहा हजार फुटांखालचं काम कोणतं, ते ठरव. दीड तासाचं असेल, फार तर दोन. तेवढंच वरिष्ठांना आदल्या दिवशी सांगून ठेव, आणि त्या वेळात कुणी आलंच तर नकाराऐवजी वेळ दे: ‘साडेअकराला मीच येते तुमच्याकडे.’ आणि साडेअकराला खरंच जा. एकदा गेली नाहीस तर पुढच्या वेळी कुणी थांबणार नाही.

बाकीच्या वेळात दार उघडं असू दे. तू नवी आहेस, लोकांनी तुझ्याकडे यायला हवं आहे.

आठ दिवसांनी त्या कागदाचा फोटो काढून मला पाठव. फुल्या-टिंबं किती पडली ते मी मोजणार नाही. टिंबांशेजारी काय लिहिलं आहेस, तेवढं मला वाचायचं आहे.

तुझा हितचिंतक